६०० हॉर्सपॉवरच्या गाडीला पेट्रोल कमी पडू नये म्हणून

माझ्या कामाच्या टेबलावर एक पिस्टन ठेवलेला आहे. त्याच्या एका कडेचा नखाएवढा भाग मेण वितळावं तसा वितळून गेलाय आणि वरच्या रिंगची खाच तिथे उघडी पडली आहे. त्या गाडीचा पंप पुरेसा मोठा होता, इंजेक्टर नवे होते, ट्यूनिंगही जपून केलेलं होतं. चुकली होती ती टाकीच्या आतली वीतभर नळी. पंपापासून टाकीच्या झाकणापर्यंत जाणारी ती नळी मी स्वतः लावली होती. होज चांगल्या दर्जाची होती, इंजेक्शनच्या दाबाचीच होती, पण तिचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलं नव्हतं. काही महिन्यांत ती फुगली, क्लिपजवळ मऊ पडली आणि तिला बारीक चीर गेली. आयडलला, म्हणजे इंजिन जागीच चालू असताना, रेलचा (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब बरोबर ३ बार. गावात फिरताना ३ बार. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला बूस्ट, म्हणजे टर्बोने इनटेकमध्ये रेटलेल्या हवेचा दाब, चढला की मात्र त्या चिरेतून पेट्रोल परत टाकीतच सुटायचं आणि दाब कोसळायचा. पिस्टन वितळायला दोन-तीन सेकंद पुरले.

त्यानंतर मी इंधनाचं प्रत्येक काम एकाच प्रश्नाने तपासतो: सगळ्यात जास्त दाब आणि सगळ्यात जास्त मागणी एकाच वेळी आल्यावर, या ठिकाणाहून किती पेट्रोल पुढे जाईल? आयडलला सगळं ठीक दिसणं याला काहीच अर्थ नाही.

इथे जे लिहिलंय ते पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इनटेकच्या पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनासाठी आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कॅमवर चालणारा वेगळा हाय प्रेशर पंप असतो आणि त्याच्या पुढच्या लाइनमध्ये शेकडो बार दाब असतो. टाकीपासून त्या पंपापर्यंतचा भाग या लेखाप्रमाणे करता येईल, त्याच्या पुढच्या भागाला मात्र पुरेशी माहिती असल्याशिवाय हात लावू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते.

आधी हिशेब, मग खरेदी

बहुतेक जण आधी पंप विकत आणतात आणि मग तो पुरेल का असं विचारतात. उलटं करा. कागद घ्या आणि इंजिनाला क्रँकवर किती ताकद हवी ते लिहा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चाकाशी मिळालेला आकडा धरू नका, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये वाया जाणाऱ्या ताकदीसाठीही पेट्रोल जळतंच.

पूर्ण भाराखाली टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. टर्बो नसलेल्या इंजिनाचं २२५ ग्रॅमच्या आसपास भागतं. टर्बोला जास्त लागतं, कारण ज्वलनकक्ष थंड ठेवायला मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवावं लागतं. ६ सिलिंडरचं ६०० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन धरू. ६०० गुणिले २७० म्हणजे तासाला १६२ किलो. एक लिटर पेट्रोलचं वजन ७४० ग्रॅम धरलं तर तासाला २१९ लिटर, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटरच्या थोडं वर. यावर २० टक्के राखीव धरा. थंड हवेच्या दिवशी इंजिन जास्त हवा ओढतं, फिल्टर हळूहळू भरतो, पंप झिजतो. म्हणजे आपल्याला तासाला २६३ लिटर हवेत.

ई८५, म्हणजे सुमारे ८५ टक्के इथेनॉल असलेलं इंधन, वापरायचं असेल तर याच आकड्यात आणखी ३० ते ४० टक्के मिळवा. पेट्रोलला रासायनिक दृष्ट्या नेमकी पुरेशी हवा वजनाने १४.७ पट लागते, ई८५ ला ९.८ पटच्या आसपास. हवा तेवढीच असली तर इंधन जास्त ओतावं लागतं. पुढेमागे ई८५ वर जायचा विचार असेल तर आत्ताच त्या आकड्याने पंप आणि लाइन घ्या. दोनदा टाकी उतरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता दाब. इंजेक्टरचं टोक इनटेकमध्ये असतं आणि बूस्ट चढला की तिथली हवा पेट्रोलला मागे रेटते. रेलमध्ये कायम ३ बारच दाब ठेवला आणि बूस्ट १.५ बारवर गेला, तर इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक निम्मा होतो आणि प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून रेलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला इनटेकची नळी जोडतात. बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढतो आणि फरक कायम ३ बार राहतो. याची किंमत पंपाला मोजावी लागते: त्याला आता ४.५ बारवर पेट्रोल ढकलायचं आहे. लाइन आणि फिल्टरमधली घट धरली तर ४.८ बार.

म्हणजे पंपाकडून हवंय ते असं: ४.८ बार दाबाला, तासाला २६३ लिटर. हे दोन आकडे कायम एकत्र लिहायचे. एकटा आकडा फसवतो.

पंप

पंपाच्या नावातला २५५, ३४० किंवा ४५० हा आकडा बहुतेक वेळा ३ बारच्या आसपासचा किंवा त्याहून कमी दाबाचा असतो. दाब वाढला की प्रवाह घटतो, आणि किती घटतो हे पंपागणिक वेगळं असतं. बनवणाऱ्याचा दाब-प्रवाहाचा तक्ता मिळत नसेल तर तो पंप घेऊ नका. तक्त्यात आपल्या दाबाच्या रेषेवर जा आणि तिथला आकडा वाचा. तो १३.५ व्होल्टचा आहे की १२ चा, तेही बघा. आपल्या उदाहरणात ३४० च्या गटातला पंप काठावर येतो, ४५० च्या गटातला निवांत पुरतो. काही पंपांच्या आत ठरावीक दाबाला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व असतो. तो तुमच्या कमाल दाबाच्या बराच वर उघडणारा हवा.

रोजच्या गाडीत पंप टाकीच्या आतच बरा. आजूबाजूच्या पेट्रोलने तो थंड राहतो, आवाज दबतो आणि त्याला ओढावं लागत नाही. हे पंप ढकलण्यासाठी असतात, ओढायला लावलं की तोंडाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात. बाहेर लावायचाच असेल तर टाकीच्या तळापेक्षा खाली लावा.

दोन लहान पंप की एक मोठा? मी एकाच्या बाजूने आहे. दुसरा पंप फक्त बूस्टवर चालू होईल अशी जोडणी केली, तर तो बंद पडलाय हे रोज गाडी चालवताना कळतच नाही. कळतं ते त्याची गरज लागते त्याच क्षणी. दोन पंपांशिवाय भागतच नसेल तर रेलवर दाबाचा सेन्सर बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

टाकीतल्या नळीबद्दल वर सांगितलंच. होजवर छापलेलं वाचा. एसएई ३०आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबाची, ३०आर९ ही इंजेक्शनच्या दाबाची पण टाकीबाहेरची, आणि ३०आर१० ही पेट्रोलमध्ये बुडून राहू शकणारी. टाकीच्या आत फक्त ३०आर१०. ३०आर९ मीटरभर घेतली तरी टाकीच्या आतल्या नळीचं काम तिला जमत नाही.

वायरिंग: निम्मे लोक इथे चुकतात

मोठा पंप ४-५ बार दाबाला १५ अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. गाडीची मूळ वायर त्याच्या निम्म्या करंटसाठी घातलेली असते. हिशेब करून बघा. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ४ मीटर वायरमधून १५ अँपिअर गेले की एक पूर्ण व्होल्ट त्या वायरमध्येच खर्च होतो. त्यात जुने कनेक्टर आणि अर्थिंगची घट मिळवा. बॅटरीवर १३.८ दिसतात आणि पंपाला १२ मिळतात. तेवढ्याने मोठ्या दाबावरचा प्रवाह पाचव्या हिश्शाने घटू शकतो, म्हणजे आपण धरलेलं सगळं राखीव गेलं. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पाव व्होल्टवर येते.

त्यामुळे बॅटरीपासून थेट जाड वायर ओढा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, टाकीजवळ ४० अँपिअरचा रिले. पंपाची मूळ वायर आता फक्त रिले चालू-बंद करण्याचं काम करेल. यातून एक मोठा फायदा होतो: ईसीयूकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे, पंपाचा ताबा राहतो आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद होतो. डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचने पंप चालवणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. अपघातात पाइप तुटला तर असा पंप गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ओतत राहील. असं करू नका.

अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. टाकीच्या झाकणातून आत जाणारे टर्मिनलही तपासा. कमी अँपिअरचं असेल तर तेच वितळतं, आणि ते पेट्रोलच्या वाफेत असतं.

लाइन, जोड आणि फिल्टर

६०० हॉर्सपॉवरला पेट्रोलवर एएन-६ ची लाइन साधारण पुरते. ई८५ असेल किंवा आकडा ७०० च्या पुढे जाणार असेल तर एएन-८ घ्या. एएन मधला आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो, म्हणजे ६ म्हणजे ३/८ इंच आणि ८ म्हणजे अर्धा इंच. रिटर्न लाइन एएन-६ पेक्षा बारीक नको. आयडलला इंजिन जवळजवळ काहीच घेत नाही, पंपाचं सगळं पेट्रोल रिटर्नमधूनच परत जातं. ती लाइन अरुंद असेल तर रेग्युलेटर पूर्ण उघडूनही दाब ३ बारवर उतरत नाही.

एएन फिटिंगचा उतार ३७ अंशांचा असतो. गाड्यांच्या काही पाइपांचा फ्लेअर, म्हणजे फाकवलेलं तोंड, ४५ अंशांचा असतो. दोन्ही एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, घट्टही होतात आणि थोड्या दिवसांनी गळू लागतात. फ्लेअरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप कधीही लावू नका. तिथे आटे फक्त आवळतात, पेट्रोल अडवतो तो उतार. टेपचा तुकडा सुटला तर तो थेट इंजेक्टरच्या जाळीवर जाऊन बसतो. आट्यांना तेलाचा एक थेंब पुरे.

रस्त्यावरच्या गाडीसाठी मी पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची होज घेतो. रबरी होजमधून वाफ झिरपत राहते आणि गॅरेजला कायम पेट्रोलचा वास येतो. पीटीएफई घेताना आतलं अस्तर कार्बनयुक्त काळं, म्हणजे वीजवाहक आहे ना ते विचारा. साध्या पांढऱ्या अस्तरातून पेट्रोल जोरात वाहिलं की स्थिर वीज साठते.

ही होज कापताना घाई करू नका. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा आणि बारीक कटिंग डिस्कने सरळ कापा. अस्तरावरच्या वेणीच्या तारा बाहेरच्या बाजूला फाकवा आणि पितळी कडी अस्तर आणि वेणी यांच्यामध्ये सरकवा. एक जरी तार कडीच्या आत अडकली तरी तो जोड गळणार. बोटाने आतून चाचपून बघा. मग हवा मारून, थोडं पेट्रोल वाहवून होज धुवा. पहिल्या दिवशी इंजेक्टर खराब करतो तो हाच कापण्याचा चुरा.

लाइन एक्झॉस्टपासून लांब, केबिनच्या बाहेरून न्या आणि हातभर अंतरावर रबर असलेल्या क्लिपने बांधा. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट लावा.

फिल्टर दोन. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनचा, नंतर १० मायक्रॉनचा. आधीच्या जागी बारीक फिल्टर लावला की पंप उपाशी राहतो. ई८५ साठी कागदी फिल्टर नको.

अर्धी टाकी आणि लांब वळण

दाब, वायर, लाइन सगळं बरोबर असूनही टाकी पाव भरलेली असताना लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. ताकद कमी असताना हा क्षण नुसता झटका देऊन जातो. बूस्टवर असताना तोच लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेला, क्षण महागात पडतो.

मूळ टाकीत पंपाभोवती भांडं असेल तर ते ठेवा, त्यात पंप बसवा. तेवढ्याने भागत नसेल तर सर्ज टँक लागतो: एक-दोन लिटरचं उभं भांडं, ज्यात टाकीतला कमी दाबाचा पंप सतत पेट्रोल भरतो. मोठा पंप त्या भांड्याच्या तळातून घेतो. रेग्युलेटरचा रिटर्न भांड्यात येतो आणि जास्तीचं पेट्रोल, हवेच्या बुडबुड्यांसह, सगळ्यात वरच्या तोंडातून टाकीत परत जातं. हे तोंड खरंच सगळ्यात वर हवं, नाहीतर हवा आत साठून राहते. उन्हाळ्यात वाहतुकीत तासभर उभं राहिल्यावर तेच तेच पेट्रोल फिरून तापतं, म्हणून भांडं इंजिनजवळ ठेवू नका. टाकीचा मूळ ब्रीदर आणि चारकोल कॅनिस्टरही काढू नका.

इंजेक्टर आणि रेग्युलेटर

मिनिटाला ३६५० सीसी, भागिले ६ सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ६०८. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ६०८ भागिले ०.८५, म्हणजे ७१६ सीसी. ८०० च्या आसपासचा घ्या. ई८५ साठी १००० ते १०५०. हे आकडे ३ बारचे आहेत. विकणाऱ्याने ४ बारवर मोजलेला आकडा छापला असेल तर तोच इंजेक्टर ३ बारवर सुमारे १३ टक्के कमी देईल.

गरजेपेक्षा फार मोठा इंजेक्टर घेण्याचा मोह टाळा. आयडलला तो एक-दीड मिलिसेकंदच उघडतो, आणि त्यातला बराचसा वेळ सुई नुसती उचलण्यात जातो. हा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. त्याचे नेमके आकडे, म्हणजे डेड टाइमचा तक्ता, इंजेक्टरसोबत मिळायलाच हवेत. ते नसतील तर हेडलाइट लावल्यावर आयडल हलेल आणि ट्यूनर आठवडाभर अंदाजाने आकडे भरत बसेल. स्वस्तातला जुळणी न केलेला संच घेण्यात मला काहीच बचत दिसत नाही.

इंजेक्टरचा रोधही मोजा. १२ ते १६ ओहमचे साध्या ईसीयूवर चालतात. २ ते ४ ओहमच्यांना वेगळा ड्रायव्हर किंवा रेझिस्टर लागतो. बसवताना ओ-रिंगला हलकं तेल लावा आणि इंजेक्टर हाताने फिरवत आत ढकला. फिरत नसेल तर ओ-रिंग दुमडली आहे.

रेग्युलेटर रेलच्या नंतर. त्याची संदर्भ नळी इनटेक मॅनिफोल्डवरून स्वतंत्र घ्या, दुसऱ्या कशाशी वाटून नको. ३ बार दाब लावताना ती नळी काढून ठेवा.

इंजिन सुरू करण्याआधीची मोजणी

ही पायरी कुणीही गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

गाडी मोकळ्या हवेत आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. आगविझवणी हाताशी, आणि ती धरणारा माणूस सोबत. आधी पंप थोडा वेळ चालवून बंद करा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा पांढरा कागद फिरवा. १० मिनिटांनी पुन्हा फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर दिसतो.

मग रेग्युलेटरचा रिटर्न सोडवून मोजमाप केलेल्या धातूच्या डब्यात घाला. डबा जमिनीवर ठेवा आणि एका वायरने चासीला जोडा. बॅटरीला चार्जर आधीच लावून ठेवा, डब्यापासून लांब. मल्टिमीटर थेट पंपाच्या कनेक्टरवर. रेग्युलेटरच्या संदर्भ तोंडाला हातपंप लावून १.५ बार हवा भरा. रेलचा गेज ४.५ दाखवायला हवा. नसेल तर रेग्युलेटर सदोष आहे किंवा पंपाचा दम कमी पडतोय. आता पंप ३० सेकंद चालवा आणि डब्यातलं पेट्रोल मोजा.

२.२ लिटर आले तर तासाला २६३ लिटर झाले. १.८ आले तर गरज जेमतेम भागते, राखीव काहीच नाही. कमी आले तर आधी व्होल्टेज वाचा. १३.५ असेल तर पंपाच्या आधीचा आणि नंतरचा फिल्टर, मग टाकीतली नळी. माझ्या त्या गाडीवर ही मोजणी नळी बदलल्यावर पहिल्यांदा केली. महिनाभर आधी केली असती तर तो पिस्टन इंजिनातच राहिला असता.

पहिली धाव

रेलवर दाबाचा सेन्सर बसवून तो ईसीयूला जोडा. नुसता गेज पुरत नाही, कारण पूर्ण थ्रॉटलला नजर रस्त्यावर असते. रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब हे गणित ईसीयूला करू द्या. फरक ३ बारवरून ठरावीक मर्यादेखाली, समजा २.७ वर गेला की बूस्ट तोडायचा, असं बसवून घ्या.

ट्यूनिंग कमी बूस्टवरून सुरू करा. प्रत्येक धावेनंतर चार ओळी एकत्र बघा: दाबाचा फरक, इंजेक्टर उघडा राहण्याची टक्केवारी, लॅम्डा (मिश्रणातली हवा नेमक्या पुरेशा हवेच्या किती पट आहे तो आकडा) आणि पंपाचं व्होल्टेज. पेट्रोलवर पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.७८ ते ०.८२ मध्ये हवा. लॅम्डा वर सरकतोय आणि दाबाचा फरक स्थिर आहे, तर मॅप, म्हणजे ईसीयूमधला इंधनाचा तक्ता, दुरुस्त करा. दोन्ही एकदम बिघडत असतील तर लॅपटॉप बंद करा आणि टाकीकडे जा. मॅपमध्ये पेट्रोल वाढवून दाबाची घट झाकणारे ट्यूनर असतात. त्यांचं ऐकू नका.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर १० मायक्रॉनचा फिल्टर कापून उघडा आणि पांढऱ्या कागदावर झटका. वेणीच्या तारा किंवा काळा रबरी भुगा दिसला तर तो कुठून आला ते सापडेपर्यंत बूस्ट देऊ नका. जोडांवर कागद पुन्हा फिरवा, या वेळी इंजिन गरम असताना आणि मग रात्रभर थंड झाल्यावर.